दुखवट्याचे एकवीस दिवस

व्हर्साय, मंगळवार, १४ एप्रिल १७८९

ताई,

धोबीण मादलोननं गाठोड्यातून तुझी चिठ्ठी काढून माझ्या हातात ठेवली, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? म्हटलं, आली बाई वठणीवर! दोन वर्षांनी का होईना, पेरीनला धाकट्या बहिणीची माफी मागावीशी वाटली. अशी आहे मी. तुला ठाऊकच आहे.

मग चिठ्ठी उघडली. ‘जावोतला देवी आल्यात. शनिवारपासून ताप, आज अंगभर उठल्यात. बाबेतमावशीला बोलाव म्हणते. यायचं तर ये.’ एवढंच. वर माझं नाव नाही, खाली तुझं नाही. असू दे.

मी येते. पण आज नाही जमायचं, रागावू नकोस. आजपासून इथे दुखवटा लागलाय. राणीसाहेबांच्या माहेरची कुणी चुलत आजी वारली. तिला इथे कुणी पाहिलेलं नाही, तिचं नाव सुद्धा दर माणूस वेगळं सांगतो. पण एकवीस दिवस सगळ्या राजवाड्यानं काळं घालायचं असा छापील हुकूम आलाय. पहिले दहा दिवस बिनचमकीची काळी लोकर, मग काळं रेशीम. आम्हा जामदारखान्यातल्या, कपडे सांभाळणाऱ्या बायकांनाही काळाच झगा, काळीच टोपी. राणीसाहेबांच्या कपड्यांच्या नमुन्यांची वही रोज सकाळी मीच आत पाठवते. जो तुकडा पसंत पडेल त्याला टाचणी टोचून वही बाहेर येते. आज त्या वहीत सतरा तुकडे होते, सतराही काळे. तरी टाचणी टोचायला पाऊण तास लागला.

एक हात जोडून सांगते. पुढच्या चिठ्ठीत तो आजाराचा शब्द लिहू नकोस. ज्या घरात तो आजार असेल त्या घराशी ज्याचा संबंध आला, त्याला चाळीस दिवस राजवाड्याची पायरी चढता येत नाही. नुसती चिठ्ठी आली तरी तेच. तुझी चिठ्ठी मी जाळली, आणि हात व्हिनेगरनं धुतले.

तुझ्या लेकीला म्हणावं, मावशी येतेय.

बाबेत


व्हर्साय, गुरुवार, १६ एप्रिल

ताई,

‘तुझी लेक असं लिहिताना हात कापला नाही का गं?’ असं विचारलंस. कापला. चिठ्ठी कुणाच्या हातात पडेल या भीतीनं तसं लिहिलं, आणि सवयीनंही. सहा वर्षांची सवय आहे ताई. माझ्या पोटची पोर तुझ्या पदरात टाकून मी इथे परत आले आणि ‘ताप होता हो, बहिणीकडे पडून होते पाच महिने’ असं सगळ्यांना सांगितलं. जामदारखान्यात लग्नाची बाई चालत नाही, मग बिनलग्नाची आई कुठून चालणार! आणि तिचा बाप पलटणीबरोबर गेला तो गेलाच.

आता मी जाळत नाही, तुझी चिठ्ठी जपून ठेवली आहे, चोळीच्या आत. सापडले तर माझं काय होईल ते मला माहीत आहे.

तू तो दिवस पुन्हा उकरून काढलास. सेंट जॉनच्या जत्रेचा. मीही विसरलेले नाही. मी रेशमी झग्यात आले, जावोतला फितीची टोपी आणली, आणि ती माझ्या मांडीवरून उतरेना. तू म्हणालीस, ‘न्यायची तर कायमची ने, नाहीतर हे असं मिरवायला येत जाऊ नकोस. तू गेल्यावर पोर तीन-तीन दिवस दाराकडे बघत बसते.’ आणि मी म्हणाले, ‘तुझी कूस उजवली नाही म्हणून दिलीय तुला, विकली नाही.’ ब्लेझ दाजींच्या देखत म्हणाले. त्यांनी हातातला सुरा खाली ठेवला आणि चामडं तसंच टाकून बाहेर निघून गेले, ते आठवतं मला. ज्या जिभेनं ते बोलले ती झडली का नाही, कोण जाणे. माफ कर असं आज लिहीत नाही. आज लिहिलं तर तुला वाटेल, गरज पडली म्हणून लिहिते.

उद्या रजेचा अर्ज देते. अर्जात ‘बहिणीचा पाय मोडला’ असं लिहिलंय. तुझ्या पायाला काही होऊ नये म्हणून आधी मेणबत्ती लावून आले.

एक मागते. या वेळी मी तिला सांगणार आहे, मावशी नाही, मी तुझी आई आहे म्हणून. मला अडवू नकोस. बरी झाली तरी सांगणार, आणि… सांगणारच.

तुझी बाबेत


व्हर्साय, शनिवार, १८ एप्रिल

ताई,

काय करून बसले बघ. वाच आणि मला शिव्या घाल.

आधी तुला इथली रीत सांगायला हवी. राणीसाहेबांना कुठलीही वस्तू जाते ती खालच्या हातातून वरच्या हातात चढत जाते. हातमोजा असो, पंखा असो, अंतर्वस्त्र असो. मी देते वरच्या बाईला, ती तिच्या वरच्या बाईला. आणि देता देता दार उघडून त्याहून मोठ्या मानाची बाई आत आली, तर हात तिथल्या तिथे वळवायचा आणि वस्तू नव्या बाईच्या हातात द्यायची. आतलं माणूस थंडीनं कुडकुडत का उभं असेना. अकरा वर्षं मी हेच करतेय. आता ते डोकं करत नाही, हातच करतात.

काल सकाळी बाहेरच्या दालनात आमच्या काउंटेसबाई होत्या. जामदारखाना त्यांचा, आम्ही सगळ्या बायका त्यांच्या हाताखालच्या. मी अर्ज पुढे धरला. ‘काय गं हे?’ म्हणत त्यांनी हात पुढे केला. तेवढ्यात दार उघडलं आणि डचेसबाई आत आल्या. त्या राणीसाहेबांच्या पहिल्या मानकरीण, काउंटेसबाईंपेक्षा मानानं वरच्या. आणि ताई, माझा हात वळला. काउंटेसबाईंची बोटं कागदाला लागली होती, तिथून मी तो अर्ज काढला आणि डचेसबाईंच्या हातात दिला. वाकून दिला, वर!

डचेसबाईंनी वाचला. ‘बहिणीचा पाय मोडलाय? जा की मग. कितीशी रजा हवी?’

ऐकलंस? ‘जा’ म्हणाल्या. रजा माझ्या हातात होती.

‘थांबा,’ काउंटेसबाई म्हणाल्या. आवाज अगदी गोड. ‘माझ्या बायकांना रजा देण्याचा अधिकार आपल्याकडे कधीपासून आला, ते जरा कळेल का?’

‘अर्ज मला दिलाय तिनं.’

‘तिची अक्कल गहाण पडली म्हणून माझा हक्क बुडत नाही.’

‘म्हणजे माझ्या हातात आलेला कागद मी तुम्हाला परत द्यायचा? खालच्या हाताला?’

झालं. मी मध्ये उभी. ‘बाईसाहेब, चूक माझी आहे, मी दुसरा अर्ज लिहून देते’ असं म्हणाले, तर दोघी एकदमच माझ्यावर ओरडल्या, ‘तू गप्प बस!’ तेवढ्या एका बाबतीत दोघींचं पटलं.

आता अर्ज डचेसबाईंच्या टेबलावर आहे. मादलोन म्हणाली तू काल दोनदा रस्त्यावर येऊन बघून गेलीस. मी निघायला नको होतं का, तूच सांग. रजेशिवाय तशीच निघायला हवं होतं.

बाबेत


व्हर्साय, सोमवार, २० एप्रिल

ताई,

‘फोड पाण्यानं भरलेत, डोळे मिटलेत, उघडत नाहीत. हात बांधून ठेवलेत, खाजवू नये म्हणून. काल म्हणाली, मावशीच्या झग्याचा आवाज आला.’ हे तू लिहिलंस. मी ते जामदारखान्याच्या कपाटाआड उभी राहून वाचलं आणि मग बाहेर येऊन अठरा वार काळं कापड मोजलं, बोट न चुकता. मला माझीच भीती वाटते कधीकधी.

आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी माझी गत झालीय. सकाळी काउंटेसबाईंकडे गेले, पायाशी बसले. म्हटलं, रजा आपणच द्या, आपला हक्क आहे. म्हणाल्या, ‘देईन की. आधी तो कागद मोठ्या बाईंकडून परत आण. कागदच नाही तर सही कशावर करू?’ डचेसबाईंकडे गेले. त्यांच्या केसांवर काळी पिसं खोचणं चाललं होतं. आरशातूनच म्हणाल्या, ‘तुला रजा मी दिलीय. तू जाऊ शकतेस.’ मी म्हटलं, ‘मग जाऊ?’ तर म्हणाल्या, ‘जाशील कशी? फाटकावरची चिठ्ठी जामदारखान्यातून मिळते, ती त्या बाई देणार नाहीत. आणि तू चिठ्ठीशिवाय गेलीस, तर मी दिलेली रजा खोटी ठरेल. त्यात माझी शोभा होईल. तेव्हा तू जागची हलायचं नाहीस.’

एक केसबाई हळूच म्हणाली, ‘अगं बाबेत, एवढा का जीव टाकतेस? मोडका पाय आपोआप जुळतो.’ मी हसले. माझा हसरा चेहरा इथे सगळ्यांना आवडतो.

तिला मध चाटव. लालसर पडदा लाव खिडकीला, इथे तसंच करतात. डोळ्यांवर गुलाबपाण्याची पट्टी ठेव, मादलोनबरोबर बाटली पाठवलीय. तिला सांग, झग्याचा आवाज खरा होता, मावशी जिन्यापर्यंत आलीय. खोटं तर खोटं, पण सांग.

बाबेत


व्हर्साय, गुरुवार, २३ एप्रिल

ताई,

तुझं लिहिणं खरं आहे. ‘पायी पाच-सहा तासांचा रस्ता आहे. तू सेंट-मार्सेलच्या आमच्या वस्तीतच जन्मलीस, तुला चालता येत होतं.’ दाजींनी खाली लिहिलंय, ‘मेहुणीबाई, चामडं कमावणाऱ्याच्या घराला वास येतो म्हणून अडलंय का?’ नाही दाजी. वासाचं नाही. वास मला आवडतो, माझ्या आईच्या ओच्याला तोच यायचा.

मग का अडलंय? आज खरं लिहिते. लिहिलं नाही तर मी फुटेन.

तुझी पहिली चिठ्ठी वाचली ना ताई, ‘देवी’ हा शब्द वाचला, तेव्हा माझा हात पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या गालावर गेला. लेकीचं नाव डोक्यात यायच्या आधी. मला देवी आलेल्या नाहीत, मी टोचूनही घेतलेलं नाही. इथे व्रणांच्या तोंडाची बाई राणीसाहेबांच्या वस्तूंजवळ ठेवत नाहीत, तिला इस्त्रीच्या खोलीत पाठवतात. हे माझ्या मनात आलं. आई म्हणवून घ्यायला निघालेली बाई, आणि तिचा हात गालावर! मी स्वतःला थोबाडीत मारून घेतली, पण तो हात गेला तो गेलाच.

दुसरंही ऐक. तोंडातून एकच शब्द काढला, ‘माझ्या घरात देवी आहेत’ असं नुसतं म्हणाले, तर हे लोक मला पळत बाहेर काढतील. रजा नको, सही नको. हे मला पहिल्या दिवसापासून कळतंय. आणि मी ते बोलत नाहीये. कारण आता बोलले तर विचारतील, चिठ्ठी कधी आली? नऊ दिवस ही बाई त्या घरच्या चिठ्ठ्या घेत राणीसाहेबांचे हातमोजे हाताळत होती? मग नुसती हाकलणार नाहीत. आणि खरं सांगू, याहून लहान कारणही आहे. डचेसबाई काल म्हणाल्या, ‘जरा कळ काढ. माझ्या बाजूची सरशी झाली की तुला वरच्या जागेवर घेते.’ आणि माझ्या मनाला क्षणभर बरं वाटलं. क्षणभरच. पण वाटलं.

दफ्तरातले म्हातारे मस्यू ताबूरो आता जुनी बाडं उपसतायत. साठ वर्षांपूर्वी एका पंखेवालीला बाळंतपणाची रजा कुणाच्या सहीनं मिळाली होती ते सापडलं की निकाल. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसते. ‘मस्यू, सापडलं का हो?’ ते म्हणतात, ‘पोरी, घाई कसली? राज्य कुठे पळून चाललंय?’

तू चिठ्ठी पाठव. शिव्या दे, पण पाठव.

बाबेत


व्हर्साय, शनिवार, २५ एप्रिल

ताई,

पाद्रीबाबा येऊन तेल लावून गेले, असं मादलोन म्हणाली. तू लिहिलं का नाहीस? तिच्या तोंडून कळायला हवं होतं का मला?

सांग तिला. ताई, तुझ्या पाया पडते, तू सांग. मी पोचेपर्यंत वेळ नाही राहिला तर? कानाजवळ जा आणि म्हण, बाबेतमावशी तुझी आई आहे. एवढंच म्हण. तिला ऐकू येत असेल ना अजून? तिनं ते न ऐकता जाऊ नये. मला दुसरं काहीच नको. वरची जागा नको, तोंड नको. तिनं एकदा मला त्या नावानं ओळखावं.

कालपासून काळं रेशीम सुरू झालं. बायका खूश आहेत, लोकर टोचत होती म्हणे.


व्हर्साय, सोमवार, २७ एप्रिल

ताई,

तुझं उत्तर आलं. ‘मी सांगणार नाही. सहा वर्षं तिची आई मी आहे. अंगात फणफण असताना पोरीची आई मी बदलायची? तुला सांगायचं तर तू ये, तिच्या उशाशी बस, तिचा पू पूस आणि मग सांग.’

बरोबर आहे तुझं. एक अक्षर चुकीचं नाही.

निकालही लागला. मस्यू ताबूरोंना पंखेवाली सापडली नाही, पण एक नियम सापडला. दुखवट्याच्या काळात मानपानाचे वाद सुनावणीला घेत नाहीत. एकवीस दिवस सरले की मग बघू. चार मेच्या पुढे. दोघी बायांनी माना डोलावल्या. डचेसबाई मला म्हणाल्या, ‘चला, प्रश्न मिटला.’

मिटला म्हणे! मी तिथेच उभी राहून हसायला लागले. थांबवताच येईना. त्यांना वाटलं, आनंदानं हसतेय.

उद्या सकाळी मी तो शब्द बोलणार. सगळ्यांसमोर. मादलोन उद्या पहाटे निघतेय, ही चिठ्ठी माझ्या आधी पोचेल. दार उघडं ठेव. तिला सांग, उद्या.

तुझी बाबेत


सेंट-मार्सेल, तुझ्या दारात, मंगळवार, २८ एप्रिल, दुपार

ताई,

हा कागद दाराखालून सरकवतेय. घे. फेकू नकोस. खालच्या मोच्याच्या बायकोनं पेन्सिल दिली आणि लगेच स्वतःचं दार लावून घेतलं.

तू माझं तोंडी ऐकत नाहीस, म्हणून लिहिते. मी सकाळी बोलले. बाहेरच्या दालनात दोघी होत्या, नमुन्यांची वही माझ्या हातात होती. मी म्हटलं, ‘बाईसाहेब, माझ्या बहिणीचा पाय धड आहे. माझ्या लेकीला देवी आल्यात. माझी लेक आहे ती, सहा वर्षांची, जावोत नाव तिचं. आणि तिच्या घरातल्या चिठ्ठ्या बारा दिवस माझ्या चोळीत आहेत.’ सहा वर्षांत पहिल्यांदा मी ते मोठ्यानं म्हणाले, माझी लेक. डचेसबाई मागे सरकल्या त्या काउंटेसबाईंच्या अंगावर आदळल्या, आणि दोघी एकमेकींना धरून भिंतीला लागल्या. वही हातातून खाली पाडायला लावली. ती चिमट्यानं उचलून शेगडीत घातली. माझी पेटी जाळणार म्हणाले. खोलीत जाऊन कपडे बदलू द्यायलाही कुणी तयार नव्हतं. पहारेकऱ्यानं लांब काठीनं रस्ता दाखवला. अंगावरच्या कपड्यांनिशी मी बाहेर पडले.

हे ऐक ताई, अंगावरच्या कपड्यांनिशी. चौदा दिवस मी काळं घालतेय. सगळेच काळ्यात होते, शेगडी पेटवणारे सुद्धा. मला ते दिसेनासं झालं होतं. शप्पथ घेऊन सांगते, मला आठवणच नव्हती.

गाड्या बंद होत्या. सेंट-आंत्वान वस्तीत काल-आज मोठी दंगल आहे, गोळ्यांचे आवाज इकडे पुलापर्यंत येतात. उंच टाचांचे जोडे होते, ते सेव्हरच्या पुलावर काढून टाकले. वेशीवर तुमच्या वस्तीतल्या माणसांनी मला अडवलं. हातात दांडकी. एक बाई म्हणाली, ‘ए रेशीमवाले, काळं कुणाचं गं? कोण मेलं?’ आणि मी काय सांगितलं असेल? म्हटलं, ‘राणीसाहेबांच्या माहेरची चुलत आजी.’ सगळे हसले. ती बाई हसली नाही. म्हणाली, ‘माझी दोन गेली या हिवाळ्यात. मला काळं घालायला चिंधी मिळाली नाही.’ मग ‘सामान्यांचा विजय असो’ म्हणायला लावलं. मी ओरडले, घसा फाटेस्तोवर, आणि त्यांनी सोडलं. एवढं होऊनही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मी नुसती धावत होते.

तू दार उघडलंस. मी तुझा चेहरा बघितला, किती वाळलीस गं तू! आणि तू मला वरून खालपर्यंत बघितलंस. टोपी, झगा, काळे हातमोजे. मला वाटलं माझ्या अनवाणी पायांकडे बघतेस. आणि मग तू म्हणालीस,

‘पोर अजून श्वास घेतेय, बाबेत. आणि तू काळं नेसून आलीस?’

दार लागलं. आतून कडी. मग तुझा आवाज, ‘तुझ्या दाजींना सांगते, तुला हात धरून वेशीबाहेर घालवतील. तिचा एक डोळा आज किलकिला झालाय. पहिल्यांदा तिनं हे बघायचं?’

ताई, एक डोळा उघडला? उघडला ना? मी बाहेर आनंदानं ओरडले ते तुला ऐकू आलं असेल. त्या आनंदात तरी दार उघडशील असं वाटलं.

मी झगा काढलाय. टोपी, हातमोजे, वरचा झगा, आतलं काळं अस्तर, सगळं काढून खाली बिएव्र नदीच्या पाण्यात टाकलं. चामड्याच्या त्या घाण पाण्यात बुडायलाही वेळ लागला त्याला. पोरं जमून बघतायत. मी जिन्यात परकरावर उभी आहे. परकर पांढरा आहे ताई, अगदी पांढरा. फटीतून बघ हवं तर. माझ्या अंगावर काळं काही नाही.

त्या हाताचंही सांगते, गालावर गेलेल्या. आत घे आणि तिच्या फोडांवर माझं तोंड घासायला लाव. मी घासेन. खरंच सांगते.

आणि आईचं. ते मी वाटभर चालताना पाठ करत आले होते. तिच्या उशाशी बसायचं, असं म्हणायचं, मग तसं म्हणायचं. ते आता मी सोडलं. तू नाही सांगितलंस ते बरंच केलंस. तिला सांगायचं नाही. आज नाही, बरी झाल्यावर नाही, तिच्या लग्नात नाही. तुझी लेक आहे, मी हे पाद्रीबाबांसमोर लिहून देते. माफीही आता मागते, गरजेपोटी मागते असं वाटलं तर वाटू दे. तुझी कूस उजवलेली आहे ताई. मी आंधळी होते. ‘मावशी आलीय’ एवढं म्हण तिला, आणि मला कोपऱ्यात उभी राहू दे. मी पू पुसेन, भांडी घासेन, दाजींची कातडी धुईन. तोंडानं मावशी हा एकच शब्द काढेन.

तू दाराला टेकून उभी आहेस. मला तुझा श्वास ऐकू येतोय. कागद वाचतेस की नुसती उभी आहेस?

थांब.

आत्ता आतून आवाज आला. तिचाच ना? किती बारीक झालाय. ‘आई’ म्हणाली. पुन्हा म्हणाली.

ताई, दाराशी उभी राहू नकोस. जा. पाणी मागत असेल, आधी ते दे. माझ्यासाठी दार नंतर उघडलंस तरी चालेल. मी थांबते.